पाणीवाला उंदीर

"मॅडम, उंदराले शुगर कशी होते? त्याले रोज पेढे चारता काय?"

हा प्रश्न माझा नव्हता, माझ्या मैत्रिणीचा, गुड्डीचा होता. तिनं तो माझ्या कानात सांगितला आणि दुसऱ्या बाजूनं दीपमालानं कोपर मारलं, "हिंमत असन तर विचार. विचारला तर कचोरी आमच्याकडून." दोघींना खात्री होती की मी उठणार नाही. तोवर अख्ख्या अकरावी सायन्समध्ये माझा आवाज फक्त हजेरीला ऐकू यायचा, तोही कधीकधी सरांना दुसऱ्यांदा नाव घ्यावं लागायचं. पण त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, मी ताडकन उठले आणि विचारून मोकळी झाले.

हॉलभर हशा फुटला. मागचे पोट्टे बाक बडवायला लागले. प्राचार्यांनी असे डोळे वटारले की मला वाटलं आता टीसीच हातात देतात. पण व्याख्यान द्यायला आलेल्या चंद्रकांता मॅडम हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्या भंडाऱ्याच्या एका फार्मसी कॉलेजात झाडपाल्याच्या अर्कांवर संशोधन करतात. कोणत्या झाडानं मधुमेह उतरतो, कोणत्या नाही, हे तपासतात.

"पेढे नाही गं," त्या म्हणाल्या. "आम्ही उंदराला एक इंजेक्शन देतो. शरीरात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी त्यानं मरतात आणि साखर वाढते. मग त्यांचे गट करतो. एका गटाला झाडाचा अर्क, एका गटाला दवाखान्यातली नेहमीची गोळी, आणि एका गटाला नुसतं पाणी."

माझं काम झालं होतं. कचोरी पक्की होती. बसायला हवं होतं. पण मी उभीच.

"नुसतं पाणी? मंग थे उंदीर कायले ठेवता?"

हा प्रश्न मात्र माझा होता.

"त्यांच्याशिवाय बाकीच्यांचं काहीच खरं धरता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "अर्कवाल्यांची साखर उतरली, तर ती अर्कानं उतरली की आपोआप, हे पाणीवाल्यांकडे बघून कळतं."

कचोरी खाल्ली, त्यावर दोघींच्या वाट्याची चटणीही खाल्ली, पण तो पाणीवाला उंदीर डोक्यातून जाईना. आजार तोच, पिंजरा तोच, आणि याला काहीच मिळत नाही. लोक याच्याकडे बघतात तेही दुसऱ्यांचं कसं चाललंय हे कळावं म्हणून.

त्या दिवसापासून माझं तोंड जे उघडलं ते बंदच होईना! वर्गात हात वर, प्रार्थनेत सुविचार सांगायला मी, बसमध्ये कंडक्टरशी वाद घालायला मी. गुड्डी म्हणायची, "आमीच हिले चावी देल्ली, आता हे थांबत नाई." आणि तुमसरला होणाऱ्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नावं मागितली तेव्हा मी आम्हा तिघींची देऊन टाकली. विषयही सांगून टाकला: बीजाच्या लाकडाचं पाणी आणि मधुमेह.

आमच्याकडे कुणाला शुगर निघाली की कुणीतरी नातेवाईक बीजाच्या, म्हणजे बिबळ्याच्या झाडाच्या, लाकडाचा कोरलेला ग्लास आणून देतोच. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं. सकाळी ते चहासारखं लालसर होतं, ते उपाशीपोटी प्यायचं. आमच्या घरीही एक ग्लास होता, बाबांचा. बाबांना, म्हणजे भोजराज भुऱ्यांना, सिहोऱ्याच्या बसस्टँडजवळच्या किराणा दुकानात बसता बसता शुगर झाली होती. ते गोळ्या घ्यायचे आणि आठवण झाली की ग्लासातलं पाणीही प्यायचे.

उंदीर काही आम्हाला मिळणार नव्हते. पण चंद्रकांता मॅडमनी फोनवर सोपा प्रयोग सांगितला. भाताची पातळ पेज घ्यायची. त्यात आयोडीनचे थेंब टाकले की ती निळी होते, कारण पेजेत स्टार्च असतं. मग त्यात आपली थुंकी घातली की निळा रंग हळूहळू जातो, कारण थुंकी स्टार्च फोडून त्याची साखर करते. आता थुंकी अगोदर बीजाच्या पाण्यात मिसळून घातली आणि निळा रंग राहिला, तर समजायचं की त्या पाण्यानं साखर होण्याचं काम अडवलं.

थुंकी दीपमालाची. ती म्हणाली, "माही थुंकी तुमसरले जाईन, जिंदगीत असं वाटलं नव्हतं."

शेजारी शेजारी दोन परीक्षानळ्या. एकीत थुंकीत साधं पाणी मिसळलेलं, तिचा निळा रंग उडाला. दुसरीत बीजाचं पाणी, ती निळीच्या निळी! आम्ही तिघी प्रयोगशाळेत अशा ओरडलो की शिपाई नत्थूभाऊ पळत आले, त्यांना वाटलं काही फुटलं.

तुमसरला आमचा पहिला नंबर आला. परीक्षकांनी विचारलं, "पाण्याची तुलनेची नळी ठेवली का?" मी ठसक्यात म्हटलं, "ठेवली सर." त्यांनी मान डोलावली. आता महिन्याभरानं, एका शनिवारी, भंडाऱ्याला जिल्ह्याचं प्रदर्शन, आणि आदल्या दिवशी जवळच्या जवाहरनगरला मुक्काम. दीपमालाचे मामा तिथल्या फॅक्टरीत आहेत, त्यांच्या क्वार्टरवर झोपायचं ठरलं होतं. झोपायचं कसलं, जागायचंच. गुड्डीनं मेंदीचे कोनही घेऊन ठेवले होते.

ट्रॉफी घेऊन मी दुकानात गेले तेव्हा बाबा गल्ल्यावरून उठून उभे राहिले. गिऱ्हाईक आलं तरी बाबा कधी उठत नाहीत.

"टेकचंद, इकडे ये गा!" त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या टेकचंदकाकांना हाक मारली. "पोरीनं सिद्ध केलं. बीजाचं पाणी म्हणजे पक्कं औषध. सायन्सनं!"

"बापा! मंग गोळ्या कायले खातो तू?"

"कोण खाते? आजपासून बंद. घरात डॉक्टर असल्यावर बाहेरचा कायले पाह्यजे?"

मी हसले. मला वाटलं गंमत करताहेत. बाबा गंमत करतातच.

पण दुसऱ्या दिवसापासून दुकानाच्या फळीवर, खोबरेल तेलाच्या बाटल्यांशेजारी, बीजाचे नवेकोरे ग्लास मांडलेले दिसले. मध्ये पेपरात आलेला माझा फोटो. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा प्रयोग समजावून सांगायचे, तोही बरोबर, पेज, थुंकी, निळा रंग, सगळं. मी गेले की म्हणायचे, "हे पाहा, आल्या मॅडम." कुणाला आवडणार नाही असं?

आईनं एकदा भाकरी थापता थापता म्हटलं, "तुये बाबा पाणी भल्ले पिऊन राहिले. सारखे उठते." मी म्हटलं, थंडीतही? ती म्हणाली, "थंडीतच." धान कापून झालेल्या बांधीत चालताना बाबांच्या पायाला धसकट लागलं होतं, ती जखमही अजून ओली होती. पण बाबा खुशीत होते. पँटचा पट्टा आतल्या भोकात गेला म्हणून सगळ्यांना दाखवत होते. "पाह्य रक्षू, पोट उतरलं! गुण आला का नाई तुया पाण्याचा?"

तुया पाण्याचा.

प्रदर्शनाच्या आठवड्यात, सोमवारी, मी शाळा सुटल्यावर सरावासाठी थांबले. दीपमाला आणि गुड्डी चार्ट रंगवायला गुड्डीकडे गेल्या होत्या. पेज गार होत होती आणि लक्षात आलं की बीजाच्या पाण्याची बाटली मी घरीच विसरले. नत्थूभाऊंनी त्यांच्यासाठी केलेली चाय माझ्यापुढे ठेवली. दूध संपलं होतं म्हणून कोरीच.

मी ग्लासाकडे बघितलं. रंग अगदी तोच, बीजाच्या पाण्याचा.

गंमत म्हणून, अगदी गंमत म्हणून, मी ती निवू दिली आणि बीजाच्या पाण्याऐवजी तीच थुंकीत मिसळली. मग पेजेत घातली, आयोडीनचे थेंब टाकले आणि वाट बघत बसले.

शेजारची साध्या पाण्याची नळी पांढरी पडली. चहाची नळी निळी राहिली.

मला वाटलं माझं काही चुकलं. नळ्या घासल्या, पुन्हा केलं. पुन्हा निळी. थुंकी कमी केली, तरी निळी. बाहेर नत्थूभाऊ एकेक वर्ग बंद करत येत होते, कड्यांचे आवाज जवळ जवळ येत होते, आणि मी त्या निळ्या नळीकडे बघत बसले होते. चहानं शुगर बरी होत असती तर आमच्या सिहोऱ्यात एकाही माणसाला शुगर नसती. दिवसातून दहा-दहा वेळा पितात सगळे. बाबा तर टपरीवाल्याचे जावईच.

चंद्रकांता मॅडमना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "बीजात आणि चहात दोन्हीत तुरट द्रव्यं असतात. ती थुंकीतल्या पाचक द्रव्याला धरून ठेवतात. हिरड्यानं केलंस तरी बहुतेक असंच होईल. नळीत अडलं म्हणजे पोटात अडेल असं नाही, आणि पोटात अडलं म्हणजे आजार बरा होईल असंही नाही. नळी ही नुसती पहिली पायरी. मग उंदीर, मग मात्रा किती ते, मग विषारी नाही ना ते, मग माणसं. आमचे बहुतेक अर्क वाटेतच गळतात."

"मंग बीजाचं पाणी खोटंच ना मॅडम?"

"खोटं आहे असंही तुझ्या नळीवरून म्हणता येत नाही. माहीत नाही, इतकंच म्हणता येतं."

मी मग विचारलं, "कोणी ह्या पाण्याच्या भरवशावर गोळ्या सोडल्या असन तर?"

"कोणी सोडल्यात?" त्यांचा आवाज एकदम बदलला.

"ओळखीचे आहेत."

"त्यांना उद्याच डॉक्टरकडे ने. तहान लागते? सारखे लघवीला जातात? वजन उतरलंय? ते बरं होण्याचं लक्षण नाही, रक्षा. साखर वाढल्याचं आहे."

पट्ट्याचं आतलं भोक माझ्या डोळ्यांपुढे आलं.

मंगळवारी मधल्या सुट्टीत मी दोघींना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, चल, आता काय करू या. दीपमालानं विचारलं, "चाय टाकून पाहा असं तुले कोनं सांगितलं होतं?"

"कोनीच नाई. सहज टाकली."

"मंग भंडाऱ्यात तरी कोण विचारणार आहे? गप राह्य ना."

"पण बाबानं गोळ्या सोडल्या."

"मंग बाबाले सांग. प्रदर्शनात कायले सांगतं?"

"बाबा कसे ऐकतीन? तिथं ट्रॉफी अन् घरी 'हे खोटं', असं चालते का?"

गुड्डी शेवटी म्हणाली, आणि तिला रडू येत होतं हे दिसत होतं, "आमीच तुले उभं केलं ना रक्षा. तू तं बोलत बी नव्हती. आता तू बोलून आमचंच खराब करतं."

ते खरंच होतं.

त्या दिवसापासून डबा खाताना आमचं बाक माझं एकटीचं झालं. त्या दोघी खिडकीजवळ बसू लागल्या. भांडण झालं असतं तर बरं होतं, निदान आवाज तरी झाला असता. मोबाइलवर आमचा 'बीजा गर्ल्स' नावाचा ग्रुप होता, त्यात दिवसभर थुंकीचे विनोद चालायचे. तो एकदम शांत पडला. मला काढलं नव्हतं. फक्त तिथं कुणी बोलत नव्हतं, म्हणजे बोलणं दुसरीकडे चाललं होतं. मी एकदा नुसतंच "अबे" असं लिहिलं. दोन निळ्या खुणा आल्या. निळा रंग मला बघवेना.

शाळा सुटल्यावर मी सरळ घरी जायचं सोडून कालव्याच्या बाजूनं गेले. कापलेल्या बांध्या, मळणीचे ढीग, कुठं माणूस नाही. इतकं सगळं बोलायचं होतं, आणि तोंड उघडायला शिकून मला जेमतेम काही महिने झाले होते. मी मोठ्यानं बोलून बघितलं. "आदरणीय परीक्षक महोदय, आमचा प्रयोग चुकला नाही, पण अपुरा आहे." एक बगळा उडाला. बाकी काही झालं नाही. तेव्हा पुन्हा तो उंदीर आठवला, पाणीवाला. वाटलं, त्याला बोलता आलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं? हेच ना, की मला काही दिलेलं नाही, मी बरा झालेलो नाही, माझ्याकडे नीट बघा.

बुधवारी दुकानात जाऊन बाबांना सांगितलं. सगळं, मॅडमच्या शब्दांत.

बाबा हसले. "घाबरली तू. मोठी स्टेज आहे ना, होते असं."

"नाई बाबा, खरंच. तुम्ही शुगर तपासून पाहा फक्त."

"तुयं पाणी पिऊन राहिलो, मशीन कायले पाह्यजे?" मग त्यांनी फळीवरचा माझा फोटो सरळ केला आणि टेकचंदकाकांकडे बघत म्हणाले, "पाह्य गा. बापाचा पोरीवर इश्वास आहे, पोरीचाच नाई."

दोघं हसले. शुगर टेकचंदकाकांनाही होती, आणि त्यांच्या हातातही बीजाचा ग्लास होता.

घरी येऊन मी आईजवळ रडले. खूप दिवसांनी. आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं नाही, पण हात थांबले. "तोंडानं सांगून थे आयकत नाई," ती म्हणाली. "माहं तं कधीच आयकलं नाई. तूनं त्यायले जे दाखवलं त्याच्यावर भाळले ना? मंग दाखवच."

गुरुवारी संध्याकाळी, दुकान बंद करून बाबा हातपाय धुवून बसले तेव्हा मी स्वयंपाकघरात तीन काचेचे ग्लास मांडले. आईनं पेज पातळ करून दिली. आयोडीन शाळेतून मागून आणलं होतं.

"अरे वा, घरी प्रदर्शन!" बाबा पाटावर ऐसपैस बसले. पायाच्या जखमेवर फडकं बांधलेलं होतं.

"थुंकी तुमची पाह्यजे, बाबा."

"माही?" ते खूश झाले. वाटीत थुंकले, तेही जरा जास्तच.

पहिल्या ग्लासात साधं पाणी मिसळलेली थुंकी, दुसऱ्यात बीजाच्या पाण्यातली, तिसऱ्यात कोऱ्या चहातली. तिन्हींत निळी पेज. आम्ही तिघं वाट बघत बसलो. चुलीवरचं दूध उतू जायला आलं तरी आई उठेना, मीच उठून उतरवलं.

पहिला ग्लास पांढरा झाला. दुसरा निळाच. बाबांनी मांडीवर थाप मारली, "पाह्य! म्हणलं नव्हतं?"

"आता तिसरा पाहा."

त्यांनी तिसऱ्याकडे बघितलं. मग दुसऱ्याकडे. मग पुन्हा तिसऱ्याकडे. दोन्ही निळे, काहीही फरक नाही.

"ह्याच्यात काय आहे?"

"चाय. आईनं केलेली. बिनदुधाची."

बाबांनी तिसरा ग्लास उचलून उजेडात धरला, वास घेतला. त्यांना हिशेब चुकलेला लगेच कळतो, दुकानदार आहेत. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर चाललं असतं.

"मंग तू हारली का वं, बेटा?" त्यांनी हळूच विचारलं.

मला एकदम कळलं. त्यांनी पाण्यासाठी गोळ्या सोडल्या नव्हत्या, माझ्यासाठी सोडल्या होत्या. मी जिंकलेली राहावी म्हणून ते रोज सकाळी तो ग्लास रिकामा करत होते, पट्टा आवळत होते आणि आपण बरे होतो आहोत असं गावाला सांगत होते. एवढ्या मोठ्या भरवशाखाली बसून ते आत कुठेतरी एकटेच तहानलेले होते. आणि ही गोष्ट त्यांना माझ्याशिवाय कुणी सांगू शकलं नसतं.

"रोज किती वेळा उठता तुम्ही पाणी प्याले?" मी विचारलं.

त्यांनी आईकडे बघितलं. आईनं नजर वळवली नाही.

"लय वेळा," ते म्हणाले. "जीव सुकते. सांगतलं नाई. तुया प्रयोगाले डाग लागला असता ना."

मी तिन्ही ग्लास ओळीनं लावले. दीपमाला नव्हती कोपर मारायला, गुड्डी नव्हती कानात सांगायला. मी उभी राहिले, उगाचच, आपल्याच स्वयंपाकघरात, वर्गात राहतात तशी.

"बाबा, आई, आयका. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आंधी आपण तिघं दवाखान्यात चाललो. शुगर तपासाची, पाय दाखवाचा, डॉक्टर म्हणन ते खायाचं. टेकचंदकाकाले बी संग घ्याचं. दुकानातले ग्लास मी आजच उतरवून ठेवतो. अन् शनिवारी मी भंडाऱ्याले जातो. दोघी आल्या तर तिघी, नाई आल्या तर मी एकटी. नळ्या दोन नाई, तीन नेतो. पह्यली पाण्याची, दुसरी बीजाची, तिसरी चायची. अन् परीक्षकानं विचारलं नाई, तरी मी सांगतो."